मेन पाडणारे भागुजी मिस्त्री

भागुजी मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या हातात बादली होती, खांद्यावर टॉवेल होता आणि रांगेत माझ्यापुढे अकरा माणसं होती. राहुरीतल्या एका प्रसूतिगृहाच्या मागच्या अंगणात, जानेवारीतल्या सकाळी साडेसात वाजता. आदल्या दिवशी माझी मुलगी तिथे बाळंत झाली होती, मुलगा झाला होता, वजन दोन किलो नऊशे ग्रॅम. मी दोन दिवस आंघोळ केली नव्हती. तेवढ्यात कोणीतरी सांगितलं की मागे गरम पाणी मिळतंय.

मागे जनरेटर धडधडत होता. त्याच्यापासून जाड वायरी निघून दोनशे लिटरच्या लोखंडी ड्रमाकडे गेल्या होत्या. ड्रमात पाणी तापवायच्या बारा सळया सोडलेल्या. ड्रमाभोवती चार खुंट्या ठोकून दोरी बांधलेली आणि दोरीच्या आत स्टुलावर माकडटोपी घातलेला साठीचा एक किरकोळ माणूस मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसलेला.

रांगेतली एक बाई पुढे सरकली तसा तो ओरडला, “ए मावशे, दोरीच्या आत नगं येऊ! आत्ता ते पानी न्हाई, करंट हाय. मी सळया काढल्या का मग पानी. तोवर लांब.”

मी विचारलं, हे काय चाललंय?

“जनरेटरची परीक्षा,” ते म्हणाले. “ह्यो बारा किलोवॉटचा हाय असं त्याच्या पाटीवर लिव्हलंय. पाटी काय, कुनीबी लिव्हतंय. मग बारा किलोवॉट वजन टाकून तासभर चालवायचा. आता एवढी वीज घालवायची कुठं? हवेत सोडन्यापरीस पान्यात सोडतो. त्याची परीक्षा हुते, तुमची आंघूळ हुते.”

मला आकडे दिसले की राहवत नाही. मी उभ्या उभ्या हिशेब केला आणि म्हणालो, “दोनशे लिटर, बारा किलोवॉट, एक तास. पाणी पन्नास अंशांनी तापेल.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “पन्नास? ड्रमाला झाकन न्हाई, वारं सुटलंय. थोडं वाऱ्याला सोडा की राव. त्रेचाळीस धरा.”

तासाने त्यांनी जनरेटर बंद केला, सळया एकेक करून काढून फळीवर मांडल्या आणि पाण्यात थर्मामीटर बुडवला. सुरुवातीला पाणी बावीसवर होतं. आता पासष्टवर. म्हणजे त्रेचाळीस. मग त्यांनी मोठ्याने “चला, बाळंतिनींच्या आया आधी!” अशी हाळी दिली आणि माझा नंबर एकविसावा लागला.

आंघोळीनंतर तिथल्या वॉचमनकडून बाकीचं कळलं. हा वॉचमन दर शनिवारी सकाळी जनरेटर पाच मिनिटं चालू करून बघायचा. चार वर्षांत एक शनिवार चुकवलेला नाही, हे तो अभिमानाने सांगत होता. आदल्या दिवशी भागुजींनी ड्रमात सळया सोडायला सुरुवात केली. सातव्या सळईपर्यंत जनरेटर ठीक होता. आठवी लावली तसा खोकला आणि बसला. डिझेलचा फिल्टर तुंबला होता. रिकामं चालवताना लागतं तेवढं डिझेल त्यातून येत होतं, वजन पडल्यावर पुरत नव्हतं. ऑपरेशनच्या खोलीतले सगळे दिवे आणि यंत्रं लागली असती तर तो तिथेही असाच बसला असता.

“पन साहेब, मी दर शनवारी लावत हुतो ना!” वॉचमन म्हणाला.

“लावत व्हतास, झूट न्हाई,” भागुजी सळया पुसत म्हणाले. “पन तो रिकामा पळत व्हता. रिकामं कोन पळत न्हाई बाबा? मीबी पळतो.”

हे वाक्य मी नंतर त्यांच्या तोंडून किमान तीस वेळा ऐकलं असेल.

भागुजी मूळचे पाथर्डी तालुक्यातले. आईवडील ऊसतोडीला येत. दिवाळी झाली की सगळं घर बैलगाडीत घालून इकडे यायचं आणि कारखाना बंद झाला की परत जायचं. भागुजींचं लहानपण निम्मं गावात आणि निम्मं कारखान्याच्या तळावरच्या कोपीत गेलं. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी. तळावर ट्रॅक्टर यायचे, त्यांच्या बॅटऱ्या उतरायच्या, आणि ड्रायव्हर लोक ओरडत बसायचे. त्यातून हे हात काळे करायला शिकले. पुढे सोनईत त्यांनी बॅटरी आणि इन्व्हर्टरचं दुकान टाकलं. दुकान जेमतेम दहा बाय बारा. पण पंचवीस किलोमीटरच्या परिसरातली मंगल कार्यालयं, दवाखाने, दूध संकलन केंद्रं त्यांना ओळखत. आणि थोडी भीतही.

भीती अशी की हा माणूस कोणाच्याही घरी चहाला आला की चप्पल काढण्याआधी विचारायचा, “मेन कुठं हाय?” आणि उत्तराची वाट न बघता मीटरपाशी जाऊन मेन स्विच खाली पाडायचा. मग घड्याळ बघायचा, मांडी घालायचा आणि म्हणायचा, “हं, आता च्या टाका.” घरात इन्व्हर्टर असेल तर तो सुरू व्हायचा. चहा होईपर्यंत टिकला तर ठीक. नाही टिकला तर भागुजी त्याचं पोस्टमार्टेम करायचे आणि तेही बहुतेक वेळा फुकट. एकदा एका घरी पाहुणे मुलगी बघायला आलेले असताना त्यांनी मेन पाडला. इन्व्हर्टर दोन मिनिटांत बसला. अंधारलेल्या बैठकीत भागुजी म्हणाले, “बरं झालं आज कळलं. लग्नात कळलं असतं तर?” लग्न जमलं, आणि लग्नाच्या मांडवात जनरेटर तपासायला त्यांनाच बोलावलं.

मला ते भाऊसाहेब म्हणत, कारण मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क आहे. उसाची गाडी येते, भरलेली तोलायची, मग रिकामी तोलायची, वजाबाकी करायची. सव्वीस वर्षं हेच करतोय. भागुजींनी लहानपणी वडिलांची बैलगाडी याच काट्यावर उभी राहिलेली पाहिली होती, त्यामुळे काट्यावरच्या माणसाबद्दल त्यांच्या मनात आदर आणि संशय सारख्याच प्रमाणात होता.

आमची वस्ती सोनईपासून चार किलोमीटरवर. माझी बायको शोभा हिने दोन वर्षांपूर्वी गावरान कोंबड्यांची पिल्लं काढायचं ठरवलं. आधी टोपलीत खुडूक कोंबडी बसवून, मग छोट्या पेटीत. गेल्या हिवाळ्यात तिने मोठं उबवणीचं यंत्र घेतलं. कपाटाएवढं. आत अंडी, वर दिवा, मागे पंखा. पारा साडेसदतीसच्या आसपास एकवीस दिवस ठेवायचा. वीज गेली आणि आतली ऊब उतरली तर पिल्लू कवचातच मरतं. बचत गटातल्या बायकांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की पहिली बॅच आम्हाला. अठ्ठावीस घरांत पिल्लं जायची होती. शोभाने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी तारीख दिली होती.

तिने मला एकच प्रश्न विचारला, “लाइट गेली तर इन्व्हर्टर किती वेळ काढील?”

मी माझी वही काढली. मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. सिलिंडर लावल्याची तारीख, मोटारीचे तास, दुधाचं माप. इन्व्हर्टरच्या बॅटरीचा व्होल्टेज मी दर रविवारी मीटर लावून घेत होतो. चौदा महिन्यांचे आकडे होते. बारा पॉइंट सात. बारा पॉइंट सात. बारा पॉइंट सहा. बारा पॉइंट सात. मी म्हणालो, “चार तास कुठे गेले नाहीत. बॅटरी नव्यासारखी आहे.” तिने विश्वास ठेवला. माझ्या आकड्यांवर सगळेच ठेवतात.

अंडी बसवून बारा दिवस झाले होते. भागुजी शेजारच्या वस्तीवरून परत जाताना आमच्याकडे चहाला वळले. मी आनंदाने उठलो आणि ते मीटरकडे निघाले आहेत हे लक्षात यायला मला थोडा उशीर झाला.

“मिस्त्री, थांबा! यंत्रात अंडी आहेत!”

खट्ट. मेन खाली.

शोभा स्वयंपाकघरातून धावत आली. तिच्या हातात उलथनं होतं. “अहो भागुजीभाऊ, अक्कल आहे का तुम्हाला? तीनशे जीव आहेत आत!”

“हाय ना वहिनी. म्हनूनच पाडला.” ते शांतपणे घड्याळ बघत होते. “आज मी घालवतो, माझ्याच हातानं परत आनतो. उद्या वायरमन घालवंल, तो कवा आनंल ते त्यालाबी ठावं न्हाई. यंत्र बंद पडलं तरी पंधरा मिनिटं काई हुत न्हाई, दार उघडू नका, आत धग हाय. कोंबडीबी अंड्यावरून उठती की दाना खायला.”

“आणि चार तास चालणार आहे ते!” मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. “हे बघा. चौदा महिने. कधी बारा पॉइंट सहाच्या खाली नाही.”

त्यांनी वही हातात घेतली. चष्मा लावून पानं उलटली. कौतुकानेच. “अक्षर लई ग्वाड हाय तुमचं. ह्ये मोजलं कवा? लाइट असताना?”

“अर्थात.”

“आन बॅटरीवर काई चालू नसताना?”

“हो. काही चालू असेल तर आकडा हलतो ना. स्थिर आकडा घ्यायचा तर सगळं बंद करूनच...”

मी बोलता बोलता थांबलो. त्यांनी वही मिटली.

“भाऊसाहेब, तुमी काट्यावरचे मानूस. तुमच्या काट्यावर नुसती रिकामी गाडी आली, तर ऊस किती हाय ते सांगता का तुमी?”

शोभा हातातलं उलथनं विसरून हसायला लागली. सव्वीस वर्षं मी रिकाम्या आणि भरल्या वजनातला फरक लिहून पोट भरतो, आणि घरी चौदा महिने रिकामी गाडी तोलत होतो. मलाही हसू आलं, पण थोडं उशिरा.

तेवढ्यात इन्व्हर्टर ओरडला आणि बंद पडला. भागुजींनी घड्याळ पाहिलं. “एकोनीस मिनिटं.” त्यांनी उठून मेन वर केला. यंत्रातला पंखा फिरला, दिवा लागला. पारा फक्त सहा दशांश उतरला होता.

बॅटरीला सहा खण असतात. आमच्या बॅटरीचा तिसरा खण वजन पडताच बसत होता. मोकळी असताना ती सहाही खणांनिशी तोंड भरून बोलायची. त्याच दुपारी भागुजींनी दुसरी बॅटरी आणली आणि नुसती लावून गेले नाहीत. ती दोन दिवस भरू दिली आणि मग लाकडी फळीवर बसवलेले शंभर वॉटचे तीन पिवळे बल्ब तिच्यावर लावून शेवटपर्यंत चालवली. दर वीस मिनिटांनी मी आकडा लिहिला. तीनशे वॉटवर चार तास दहा मिनिटं. ती पुन्हा भरायला ठेवून ते उठले आणि बॅटरीच्या अंगावर खडूने लिहिलं, ४.१०.

“ही पाटी खरी,” ते म्हणाले. “मी सोता लिव्हली.”

त्या बल्बांच्या उजेडात भर दुपारी बसलो असताना त्यांनी मला त्यांच्या आईबद्दल सांगितलं. उसाचा ट्रक भरताना फळी लावतात, डोक्यावर मोळी घेऊन तिच्यावरून चढायचं. “सकाळी समदेच तगडे दिसायचे. मुकादम संध्याकाळच्या फळीवर बघायचा कोन कसं चढतंय. माझी आई सगळ्यात बारीक व्हती. पन शेवटच्या मोळीला तिचा पाय पयल्या मोळीवानीच पडायचा. तवाच मला कळलं, बसलेल्या मानसाकडं बघून काई कळत न्हाई.”

विसाव्या दिवशी सकाळी नऊ पन्नासला वीज गेली. उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली वळणावर खांबाला धडकली होती. खांब आडवा, तारा रस्त्यावर. कोणाला लागलं नाही, पण वायरमन म्हणाला, नवा खांब येईल, उभा राहील, संध्याकाळ धरा.

यंत्रातून त्या सकाळपासून आवाज यायला लागले होते. कवचाच्या आतून चोच मारल्याचे, आणि मधूनच एखादी बारीक चिवचिव. शोभा दाराच्या काचेला कान लावून बसली होती. लावलेल्यांपैकी वांझ अंडी काढून दोनशे चौसष्ट उरली होती. ती दोनशे चौसष्ट आता संध्याकाळवर अवलंबून होती. नऊ पन्नास अधिक चार तास दहा मिनिटं, म्हणजे दुपारचे दोन. मी भागुजींना फोन लावला.

“भरलेल्या दोन बॅटऱ्या व्हत्या, त्या सकाळीच दवाखान्यात लावल्या,” ते म्हणाले. “बाकीच्या भरायच्यात, आन भरायला लाइट न्हाई. जनरेटर बघतो.” अर्ध्या तासाने स्कूटरवरून स्वतःच आले. लग्नाची मोठी तिथ होती. चारही बाजूंचे जनरेटर मांडवात गेले होते.

शोभाने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती परत दाराच्या काचेला कान लावून बसली, आणि ते माझ्याच्याने बघवेना.

भागुजी यंत्रासमोर उकिडवे बसले. यंत्रावर एक लाल दिवा आहे. आतली ऊब कमी झाली की तो लागतो, पुरेशी झाली की विझतो. ते बराच वेळ त्या दिव्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “भाऊसाहेब, वही आना.”

“कशाला?”

“ह्यो दिवा किती वेळ लागतो आन किती वेळ विझतो, ते तुमी लिव्हलं असंल. तुमी लिव्हल्याबिगर ऱ्हायला न्हाईत.”

लिहिलं होतं. अठराव्या दिवसापासून, काही कारण नसताना, मी खुर्ची टाकून बसून लिहिलं होतं. पाच मिनिटं चालू, पाच मिनिटं बंद. पिल्लं वाढली की त्यांची स्वतःची ऊब असते, मग यंत्राला कमी राबावं लागतं. मी पेन्सिल घेतली. ऊब देणारा दिवा अडीचशे वॉट, पण निम्माच वेळ. म्हणजे सव्वाशे. पंखा चाळीस. एकूण एकशे पासष्ट. बॅटरीची ताकद भागुजींनी मोजलेली, साडेबाराशे. भागाकार.

“सात तास पस्तीस मिनिटं,” मी म्हणालो. “पाच पंचवीसपर्यंत.”

“धा मिनिटं वाऱ्याला सोडा,” भागुजी म्हणाले. “सव्वापाच. वहिनी, घरातलं बाकी समदं बंद करा. मोबाईलचं चार्जरबी काढा. आन यंत्रावर गोधडी टाका, पंख्याची जाळी तेवढी मोकळी ठिवा.”

दिवसभर आम्ही तिघं त्या खोलीत बसलो. जेवणही तिथेच. दोन वाजले तेव्हा कोणीच घड्याळाकडे बघत नाही असं दाखवत होतं आणि सगळे बघत होते. दोन वाजून पाच मिनिटांनी शोभा म्हणाली, “चालू आहे.” तीन वाजता पहिलं कवच पूर्ण फुटलं. ओलं, काळपट, उभं राहता न येणारं पिल्लू बाहेर आलं आणि शेजारच्या अंड्यावर डोकं टेकून झोपलं. “माझ्या आईवर गेलंय, दमलं तरी पडलं न्हाई,” भागुजी म्हणाले. शोभा म्हणाली, “अहो, त्याची आई मी आहे!”

चार अठ्ठेचाळीसला इन्व्हर्टर ओरडायला लागला. शोभा ताडकन उठली.

“बोंबलू द्या त्याला,” भागुजी मांडी न मोडता म्हणाले. “त्यो भित्रा हाय. बॅटरी न्हाई.”

पाच वाजायला आले. पाच वाजून एक मिनिट झालं, आणि अंगणातला इन्व्हर्टरवर नसलेला दिवा, जो सकाळी कोणीतरी चालू ठेवला होता, भसकन लागला. वस्तीवरून पोरांचा ओरडा आला. शोभा खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसली की रडली, मला नक्की सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोनशे एकतीस पिल्लं निघाली. बरोबर साडेसत्याऐंशी टक्के. अठ्ठावीस घरांत ठरलेल्या तारखेला पिल्लं पोहोचली. मी भागुजींना आकडा सांगितला तर ते म्हणाले, “बाकीचे साडेबारा टक्के वाऱ्याला.”

या उन्हाळ्यात त्यांनी दुकान पुतण्याच्या हाती दिलं आणि ते गावाकडे राहायला गेले. गुडघे दुखतात म्हणाले, आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. निघताना ते आमच्याकडे आले, मेन पाडला, चहा घेतला, मेन वर केला. पिवळ्या बल्बांची फळी शोभाला दिली. शोभाने त्यांना एका खोक्यात अकरा पिल्लं दिली. एसटीत कंडक्टरने तिकिटाचं विचारलं तेव्हा भागुजी म्हणाले म्हणे, “बारक्यांना लागत नसतंय.”

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी यंत्र रिकामं असलं की शोभा स्वतः फळी लावते आणि मेन पाडते. मी वहीत लिहितो. संध्याकाळी पाथर्डीहून फोन येतो.

“भाऊसाहेब, किती?”

“चार तास दोन. आठ मिनिटं कमी झाली.”

“व्हनारच. वय झालं का कमी व्हनारच. लिव्हत ऱ्हावा.”

“आणि तुमचं?”

गावाबाहेर डोंगरावर देऊळ आहे. भागुजी त्याच रविवारी सकाळी पाण्याची कळशी खांद्यावर घेऊन तिथपर्यंत चढतात. नुसतं चढून बघत नाहीत, हे सांगायला नको. जूनमध्ये वाटेत चारदा बसावं लागलं. जुलैत तीनदा. ऑगस्टमध्येही तीनदा, पण पाऊस होता. वहीत बॅटरीच्या शेजारी मी त्यांच्यासाठी एक रकाना आखला आहे.

“ह्या बारीला एकदाच बसलो,” गेल्या रविवारी ते म्हणाले.

मी एक लिहिलं. मग जरा संशय आला म्हणून विचारलं, “कळशी भरलेली होती ना?”

पलीकडे ते इतके मोठ्याने हसले की स्वयंपाकघरातून शोभाने विचारलं, काय झालं.

“गळ्यापत्तुर,” भागुजी म्हणाले. “तुमी काट्यावरचे मानूस. तुमच्याशी रिकामं खोटं बोलून चालंल व्हय?”